कुत्र्या-मांजरांचा आहार : पोट भरणे वेगळे, पोसणे वेगळे

मागील काही अंकांत आपण दुभत्या जनावरांचा आहार, वासरांचे संगोपन आणि शेळीपालन या विषयांची माहिती घेतली. या अंकात कुत्रा व मांजर यांच्या आहाराविषयी लिहीत आहोत. हे वाचून काही मंडळी हसतील, हे आम्हाला ठाऊक आहे. "कारखान्याला उसाचं सोडून आता कुत्र्या-मांजरांची काळजी लागली व्हय?" असे पारावर कोणीतरी म्हणणारच. पण रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला निघालो, की आपल्या पुढे कोण चालतो? सापाची, रानडुकराची चाहूल आधी कोणाला लागते? आणि घरात ज्वारी-गव्हाची पोती रचली की उंदरांचा बंदोबस्त कोण करते? हे दोघे आपले बिनपगारी राखणदार आहेत. पगार नाही, पण पोटाला तरी नीट मिळावे, एवढा त्यांचा हक्क आहे.

हा लेख लिहिण्याला एक कारण घडले. गेल्या हिवाळ्यात ऊसनोंदणीच्या कामासाठी आम्ही एका वस्तीवर गेलो होतो. घर माळकरी, माणसे देवभोळी. ओसरीवर चहा घेत असता घरातली मनी बाहेर आली, चालत चालत खांबाला धडकली आणि तिथेच बसली. घरची आजी म्हणाली, "वय झालं असंल तिचं." वय विचारले, तर चार वर्षे. आमच्याबरोबर पशुवैद्यकीय डॉक्टर होते. त्यांनी बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे पाहिले आणि विचारले, "हिला खायला काय घालता?"

"दोन्ही वेळ दूध-भात. एक दिस उपाशी ठेवली न्हाई."

डॉक्टरांनी सांगितले, की डोळ्याच्या आतला पडदा झिजला आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही. पूर्वी त्या घरात उंदीर होते, तेव्हा मनीचे बरे चालले होते. दोन वर्षांपूर्वी धान्य पत्र्याच्या कोठ्यांत गेले. वस्तीवरच्या कुत्र्यांच्या भीतीने मनीलाही घरातच ठेवू लागले. उंदीर गेले आणि त्यांच्याबरोबर मनीचा खरा आहारही गेला. आजीचे डोळे भरून आले. नातवंडांच्या आधी तिने मनीची वाटी भरली होती. दोष तिचा नाही. खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत ही गोष्ट आम्हालाही माहीत नव्हती. म्हणून डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून ही माहिती सभासदांपुढे ठेवत आहोत.

उसाचाच हिशोब

उसाला नत्र, स्फुरद आणि पालाश लागते, हे आता सर्वांना पाठ आहे. युरियाची पोती कितीही ओतली आणि जमिनीत पालाश नसले, तर उतारा वाढत नाही. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, तेच पिकाची वाढ ठरवते. लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हा नियम लोकांपुढे मांडला. बादलीची एक फळी आखूड असली, तर बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत, पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहते.

जनावराच्या शरीरालाही हाच नियम लागू आहे. कुत्र्याला आणि मांजराला सहा गोष्टी लागतात : पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्टमय पदार्थ, खनिजे आणि जीवनसत्त्वे.

१) पाणी : हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटरभर, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. हे पाणी ताज्या, धुतलेल्या भांड्यात असावे. फवारणीच्या बादलीत नको.

२) प्रथिने : स्नायू, कातडी, केस आणि रक्त यांची घडण प्रथिनांची. प्रथिने अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांतली कुत्र्याला १० आणि मांजराला ११ अन्नातूनच मिळावी लागतात, कारण शरीर ती पुरेशी तयार करू शकत नाही. हे अकरावे कोणते, ते पुढे पाहू.

३) स्निग्ध पदार्थ : तेवढ्याच वजनाच्या पिष्टापेक्षा दुपटीहून जास्त शक्ती यांतून मिळते. शिवाय केसांची चमक आणि कातडीचे आरोग्य यांवर अवलंबून असते.

४) पिष्टमय पदार्थ : भाकरी, भात, चपाती. हे शक्ती देतात, पण शरीर बांधत नाहीत.

५) खनिजे : कॅल्शियम आणि स्फुरद हाडांसाठी, लोह रक्तासाठी, जस्त कातडीसाठी. कॅल्शियम हे स्फुरदाच्या निदान बरोबरीने असावे आणि दुपटीपेक्षा फार जास्त नसावे.

६) जीवनसत्त्वे : यांत एक नवल आहे. 'क' जीवनसत्त्व कुत्रा आणि मांजर आपल्या शरीरातच तयार करतात, त्यांना लिंबू-आवळा लागत नाही. उलट माणूस 'ड' जीवनसत्त्व उन्हातून मिळवतो, पण या दोघांच्या कातडीला ते पुरेसे जमत नाही. दिवसभर उन्हात लोळणाऱ्या कुत्र्यालाही 'ड' जीवनसत्त्व अन्नातूनच मिळावे लागते. अंड्याचा बलक, मासळी आणि काळीज यांत ते असते.

भाकरीचा ताळेबंद

कुत्रा मूळचा लांडग्याच्या कुळातला. पण हजारो वर्षे माणसाच्या दारात राहून तो भाकरी पचवायला शिकला. ही नुसती बोलण्याची गोष्ट नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले, की पिष्ट पचवणारे पाचकद्रव्य बनवण्याची जनुके कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. तेव्हा कुत्र्याला भाकरी घालणे चूक नाही. नुसती भाकरी घालणे चूक आहे. ती कशी, ते आकड्यांत पाहू.

२० किलो वजनाच्या, जेमतेम फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,००० ते १,१०० उष्मांक लागतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीतून सुमारे ३४० उष्मांक मिळतात. म्हणजे तीन भाकऱ्यांत पोट भरले आणि शक्तीचा हिशोब मिटला. आता बाकीची खाती उघडून पाहू.

प्रथिने : तीन भाकऱ्यांत सुमारे ३० ग्रॅम. पाणी वजा करून, म्हणजे कोरड्या वजनावर, हे प्रमाण दहा-अकरा टक्के येते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने ठरवलेले किमान प्रमाण मोठ्या कुत्र्यासाठी १८ टक्के आणि वाढत्या पिलासाठी २२.५ टक्के आहे. त्यातून ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते.

स्निग्ध पदार्थ : ज्वारीत दोन टक्क्यांच्या आसपास. हवेत निदान साडेपाच टक्के.

कॅल्शियम : हवे सव्वा ते दीड ग्रॅम. तीन भाकऱ्यांत एक दशांश ग्रॅमही भरत नाही. स्फुरद मात्र त्याच्या आठ-दहा पट असते. म्हणजे प्रमाण अगदी उलटे.

जस्त : धान्यात थोडे असते, पण कोंड्यातील फायटेट नावाचा पदार्थ ते धरून ठेवतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही उसाला ते उचलता येत नाही, पाने पिवळी-पांढरी पडतात, आपण त्याला केवडा म्हणतो आणि हिराकस फवारतो. तोच प्रकार इथे होतो. नुसत्या भाकरीवरच्या कुत्र्याचे केस राठ होतात, नाक-डोळ्यांभोवती खपल्या धरतात. लोक म्हणतात, खरूज झाली. कधी ती खरूज असते, कधी हा कुत्र्याचा केवडा असतो.

मग करायचे काय? भाकरी बंद करायची नाही, तिला जोड द्यायची. २० किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाचा एक साधा मेळ असा :

दोन भाकऱ्या, दोन उकडलेली अंडी, १०० ग्रॅम बिनहाडाचे शिजवलेले मांस, एक चमचा करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल आणि अंड्याच्या टरफलाची पूड.

एका अंड्याच्या टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. टरफल धुऊन, उकळून, वाळवून खलबत्त्यात अगदी बारीक करावे आणि रोज अर्ध्या टरफलाहून थोडी जास्त पूड अन्नात मिसळावी. या मेळात प्रथिने २० टक्क्यांच्या वर जातात आणि कॅल्शियमची उणीव बरीचशी भरून निघते. आठवड्यातून एकदा काळजाचा छोटा, शिजवलेला तुकडा द्यावा.

ज्या घरी मांस शिजत नाही, त्यांनी त्याऐवजी ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, उकडून घालाव्यात. प्रथिनांचा हिशोब तोच बसतो. अंडीही चालत नसतील, तर पनीर, दही आणि मऊ शिजवलेली डाळ वाढवावी आणि बाकी उणिवांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने कुत्र्याचे खनिज-जीवनसत्त्व मिश्रण द्यावे. गायी-म्हशींचे मिश्रण अंदाजाने घालू नये. ते गायीच्या मापाचे असते. मांसाशिवाय कुत्रा राहू शकतो, पण हिशोबाशिवाय राहू शकत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

नुसते मांस हीसुद्धा तेवढीच मोठी चूक आहे. मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. केवळ मांसावर वाढवलेल्या पिलाचे शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढते. हाडे पोकळ होतात, पाय वाकतात, साध्या उडीत मोडतात.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

आता गंमत ऐका. आपण वर्षभर राबून ज्या उसाची साखर करतो, ती मांजराला गोड लागतच नाही. गोडी ओळखणारे जनुक मांजरात निकामी झालेले आहे, असे २००५ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील मोनेल संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखवले. बासुंदीच्या पातेल्यावर मांजर तुटून पडते ते मलईसाठी, साखरेसाठी नव्हे.

यावरून मांजराची जात कळते. ते पूर्ण मांसाहारी जनावर आहे. शिकारीवर जगल्यामुळे, जे शिकारीतून आयते मिळते ते शरीरात बनवण्याची सोयच त्याच्याकडे राहिली नाही. फरक असे :

प्रथिने : मांजराला किमान २६ टक्के आणि पिलाला ३० टक्के लागतात. मांजराचे यकृत प्रथिने सतत जाळत असते. अन्नात प्रथिने कमी आली म्हणून ते जाळणे फारसे कमी करू शकत नाही.

टॉरीन : हेच ते अकरावे. १८२७ साली ते प्रथम बैलाच्या पित्तात सापडले आणि बैलाच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले. मांस, मासळी आणि उंदीर यांत ते असते. भात-भाकरीत मुळीच नाही, गायीच्या दुधात अगदी थोडे. टॉरीन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील डॉक्टरांनी दाखवले, की टॉरीन कमी पडल्याने हृदयही फुगून दुबळे होते, आणि वेळेवर टॉरीन दिले तर ते सुधारते. त्या वेळी बाजारातील काही पाकिटांवर वाढलेल्या मांजरांनाही हा रोग झाला होता. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातील टॉरीन वाढवले. हृदय सावरते, पण झिजलेला पडदा परत येत नाही. म्हणून उशीर नको.

'अ' जीवनसत्त्व : गाजर आणि पालेभाजीतल्या रंगद्रव्यापासून कुत्रा हे जीवनसत्त्व बनवतो. मांजर बनवू शकत नाही. त्याला ते काळीज, बलक, मासळी यांतून तयारच मिळावे लागते. पण रोज नुसते काळीज घातल्यास हेच जीवनसत्त्व अति होऊन मानेचे मणके आखडतात.

नायसीन आणि ॲराकिडोनिक आम्ल : यांतले पहिले 'ब' गटातले जीवनसत्त्व, दुसरे स्निग्ध पदार्थातला एक भाग. दोन्ही कुत्रा इतर अन्नापासून तयार करून घेतो. मांजराला ती मांसातूनच घ्यावी लागतात.

चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० उष्मांक पुरतात. म्हणजे पोट लहान, पण मागणी कडक. जिथे चालत असेल तिथे शिजवलेले मांस, कोंबडीचे हृदय, मासळी द्यावी. टॉरीन पाण्यात विरघळते, म्हणून मांस ज्या पाण्यात शिजवले ते पाणी फेकू नये, त्यासकट घालावे. त्यात मीठ, मसाला, कांदा नको. बाजारची सुकट घालायची असेल, तर भिजवून तिचे मीठ काढावे. मात्र केवळ मासळीवरही मांजर ठेवू नये, आणि काही कच्च्या माशांत 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करणारा पदार्थ असतो म्हणून मासळी शिजवूनच द्यावी. मांस घातले तरी कॅल्शियमचा प्रश्न मांजरालाही आहेच. रानातले मांजर उंदीर हाडांसकट खाते, तेव्हा सगळा हिशोब तिथेच मिटतो. घरातल्या मांजरासाठी तो आपल्याला मिटवावा लागतो. त्याचे माप डॉक्टरांकडून घ्यावे.

दुधाचे काय? दूध हे खाऊ म्हणून थोडे चालते, आहार म्हणून नाही. वाढलेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडते. मांजर वाळवंटी प्रदेशातल्या रानमांजराच्या वंशातले, ते पाणी मुळात कमी पिते. कोरडे खाद्य देत असाल, तर पाण्याकडे विशेष लक्ष द्या, नाहीतर लघवीचे विकार होतात.

पिले आणि विणार असलेली मादी

कुत्री आणि मांजरी दोघींचाही गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक वाढवावा. खरी ओढ लागते ती व्यायल्यावर. दूध पाजणाऱ्या मादीला नेहमीच्या दुप्पट ते चौपट अन्न लागू शकते. व्यायल्यानंतर पहिल्या महिन्यात रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरून कुत्री थरथरते, ताठते, धापा टाकते. म्हशीच्या दूधज्वराचाच हा भाऊबंद. अशा वेळी पिले बाजूला करून तातडीने डॉक्टर गाठावा, कारण तासांचा खेळ असतो. पण भीतीपोटी गाभणपणात कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नयेत. त्याने हा धोका उलट वाढतो.

पिलांना तीन-चार आठवड्यांपासून मऊ अन्नाची सवय लावावी. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन वेळा थोडे थोडे घालावे. पिलाला टॉनिक म्हणून जादा कॅल्शियम देणे मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हाडांना अपायच करते.

हे घालू नका

कांदा-लसूण : रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. आमटी-कालवणात कुस्करलेली भाकरी म्हणूनच बरी नव्हे. मांजराला तर थोडाही कांदा बाधतो.

द्राक्षे, मनुके, बेदाणे : कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. ज्यांच्या उसाशेजारी द्राक्षबाग आहे, बेदाण्याची रॅक आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

चॉकलेट, आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या : कुत्र्याला विषासारख्या.

कच्च्या अंड्याचा पांढरा भाग : रोज दिल्यास बायोटिन हे जीवनसत्त्व अडकते. उकडून द्यावे.

शिजवलेली हाडे : त्यांची अणकुचीदार किरचे होतात, आतडे फाटते.

जत्रेत कापलेल्या बकऱ्याचे कच्चे फुफ्फुस, काळीज : यातून कुत्र्याच्या पोटात एक जंत वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून आपल्या हाता-तोंडात गेली, तर माणसाच्या यकृतात आणि फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. असे अवयव कुत्र्यांपुढे टाकू नयेत, खोल पुरावेत. कुत्र्याला वेळेवर जंताचे औषध द्यावे.

उंदरांचे विष : उसात, गोदामात विष ठेवले असेल, तर ते खाऊन मेलेले उंदीर उचलून पुरावेत. ते मांजराने खाल्ले तर त्याच्याही जिवावर बेतते.

आणि एक. मांजराने दोन दिवस अन्न सोडले, तर "खाईल उद्या" म्हणून थांबू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते दगावू शकते.

शेवटी

पाकिटातले खाद्य घेणाऱ्यांनी 'संपूर्ण व संतुलित आहार' असा उल्लेख, आणि ते कोणत्या वयासाठी आहे, हे पाहूनच घ्यावे. कुत्र्याचे पाकीट मांजराला घालू नये. माळकरी घरांत मांजर पाळायचे असेल, तर हाच मार्ग सोपा आहे.

त्या आजीपुढेही डॉक्टरांनी हाच मार्ग ठेवला. आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणा ते पाकीट. पर त्यात काय असतंय ते मला सांगू नका, म्हंजी झालं." परवा पुन्हा त्या वस्तीवर गेलो होतो. मनीला दिसत नाही, पण मिशांच्या अंदाजाने ती घरभर फिरते, अंग धरले आहे, केस चमकतात. त्याच घरात नवे पिलू आले आहे. त्याच्या वाटीत पहिल्या दिवसापासून योग्य अन्न पडते आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, आपण माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकत नाही. मुक्या जनावराला मात्र आपण ताटातले उरलेले टाकतो आणि पोट भरले असे समजतो. आज संध्याकाळी आपल्या दारातल्या कुत्र्याच्या थाळीत आणि मांजराच्या वाटीत काय आहे, ते एकदा वाकून पाहावे, एवढीच आमची विनंती.